पाय ओले ठेव

उत्तर विस्कॉन्सिनमधल्या कॉर्विन तळ्यावर
मी लोकांचे धक्के बसवतो.
मे महिन्यात पाण्यात उतरवायचे,
ऑक्टोबरात, बर्फ धरायच्या आत, काढून काठावर रचायचे.
एकतीस घरं, एकतीस धक्के.
कुठला पाय रुततो, कुठला डुगडुगतो
माझ्या मांड्यांना पाठ आहे.
छातीपर्यंत रबरी विजार चढवून मी गारठ्यात उभा,
आणि वरून कुणीतरी कॉफीचा मग हातात धरून सांगतं,
'जरा डावीकडे.'

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात.
मी दर वसंतात तीनेकशे लोखंडी काठ्या मारतो.

धक्का :
होडीला टेकायची जागा,
आणि माणसाला लोटायची रीतही.
शब्द एकच. सोय आहे.

आजोबा, उर्हो, लाकूडतोडे,
कायद्याचं एकच वाक्य शिकवून गेले :
'पाय ओले ठेव, पोरा.
पाण्यात आहेस तोवर तळं तुझंही.
फळीवर चढलास की चोर.'

ऑगस्टात एका रात्री वादळ झालं
आणि लेनोर वाखहोल्ट्झबाईंच्या धक्क्याचा शेवटचा तुकडा
सुटला.
सकाळी तळ्याच्या मध्यावर तरंगत होता,
बाकासकट,
उजाडलं तरी जळणाऱ्या सौर दिव्यासकट,
आणि त्या पाटीसकट : खाजगी. पाऊल ठेवू नये.

सार्वजनिक उताऱ्यावर, जिथे धक्का नसलेले लोक मासे धरतात,
वॉसॉहून आलेलं एक कुटुंब होतं.
त्यांची पा झोंग, अकरा-बारा वर्षांची, आणि तिचे दोन भाऊ
पोहत गेले
आणि बाकावर बसले.

बाईंनी दुर्बीण लावली. मग फोन.

डेप्युटी गार्लॉक होडीतून आला. मला सोबत घेतलं,
दोर माझ्याकडे होता म्हणून.
टोपी मागे सारून त्याने कपाळ खाजवलं बराच वेळ.
फळी बाईंची. फळीखालचं पाणी सगळ्यांचं.
फळी इथवर आणणारा वारा कुणाच्या नावावर?
सातबारा कुणी काढायचा त्याचा?

'इथे कसे आलात?' त्याने विचारलं.
पोरगी म्हणाली, 'आम्ही इथेच होतो.
हा आमच्याकडे आला.'

मी होडीच्या तळातलं पाणी बघत राहिलो,
हसू दिसू नये म्हणून.
मग मीच बोललो, न विचारता :
'पाय कुठे आहेत गं तुझे?'
तिने दाखवले. फळीच्या कडेवरून खाली सोडलेले,
घोट्यापर्यंत ओले.
धाकट्याचे पोचत नव्हते. तो घाईघाईने पुढे सरकला.

गार्लॉकने वही मिटली.
'ओढून ने,' एवढंच म्हणाला मला.

हळू ओढला. पोरं बसूनच होती,
कुठल्याशा मिरवणुकीत बसावं तशी गंभीर.
काठाला गुडघाभर पाणी उरलं तेव्हा
तिघंही आपणहून उतरली, चालत निघाली
काठाकाठाने, पाण्यातूनच,
अकरा घरांच्या समोरून,
प्रत्येक धक्क्याला लांबून वळसा घालत.
वाखहोल्ट्झबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या.
काहीतरी बोलणार होत्या. बोलल्या ते मला :
'दिवा चालतोय अजून?'
चालत होता.

ऑक्टोबर.
बाई फ्लोरिडाला गेल्या. पडदे ओढलेले.
एकोणीस वर्षं हा धक्का मी बसवतोय, काढतोय,
त्यावर बसलो मात्र कधीच नाही.
जेवणाची सुट्टी होती. पाटी तिथेच होती.
दोन आठवड्यांनी बर्फ धरेल,
मग पोरं स्केट्स घालून सगळ्यांच्या हद्दींवरून जातील,
एकतीस घरांपुढून, आणि कुणी फोन करणार नाही.

मी बाकावर बसलो.
डबा उघडला. तळ्यात चिटपाखरू नव्हतं.
मग रबरी विजार काढली, लोकरीचे मोजे काढले
आणि पाय
सोडले पाण्यात.
हाडापर्यंत गार.
तसाच बसून सँडविच संपवलं.